दुखणे अंगठ्याला, पथ्य आमटीला

पायाचा अंगठा हा तसा दुर्लक्षित अवयव. ठेच लागली तरच त्याची आठवण होते. २००८ च्या मे महिन्यात भाच्याचे लग्न उरकून घरी आलो, थकून झोपलो आणि रात्री दोनच्या सुमारास उजव्या अंगठ्यातल्या कळेने जागा झालो. अंगठ्याचे मूळ सुजून लालबुंद झाले होते. पांघरलेली चादर टेकली तरी जीव जात होता. शेजारच्या खोलीत कोणी चालले तर त्या धमकाने कळ उठे. लहानपणी विंचू चावल्याचा अनुभव गाठीशी होता. पण हे दुखणे त्यालाही मागे टाकणारे निघाले.

सकाळी घरातल्या सर्वांनी आपापले निदान सांगितले. आईने विचारले, "लग्नात काय काय चापलंस?" शेजाऱ्यांनी "मुरगळला असेल" म्हणून लेप दिला. डॉक्टरांनी मात्र अंगठा पाहताच ओळखले. रक्त तपासले, युरिक ॲसिड ९.१ निघाले. गाऊट! पाच दिवसांची वेदनाशामक गोळी मिळाली आणि सोबत एक छापील कागद. त्यावर वर्ज्य पदार्थांची यादी होती : तूरडाळ, मूग, मसूर, वाटाणा, राजमा, पालक, फ्लॉवर, टोमॅटो, अळंबी. त्या दिवसापासून आमच्या घरातून आमटी हद्दपार झाली. मराठी घरातून आमटी जाणे म्हणजे काय, हे मी वाचकांना सांगायला नको. पत्नीने बिचारीने अकरा वर्षे माझ्यासाठी वेगळे रांधले. आणि एवढे करूनही अंगठा वर्षातून तीन-चारदा आपला हिसका दाखवतच राहिला. पुढे घोटा, मग गुडघा, मग हाताचे बोट. कोपरावर एक पांढुरकी गाठही आली.

आज तो सारा प्रकार थांबला आहे. आमटी परत आली आहे. मग ही अकरा वर्षे कशापायी गेली, याचा विचार करताना जे समजले ते इथे मांडतो आहे. मी डॉक्टर नाही. पण या दुखण्याबाबत आपल्या समाजात जो उलटा कारभार चालला आहे, त्याबद्दल बोलण्याचा अधिकार मला माझ्या अंगठ्याने दिला आहे.

खडीसाखरेचा न्याय

हा रोग समजायला अवघड नाही. शरीरातल्या पेशी रोज झिजतात, नव्या घडतात. त्यांतल्या प्युरिन नावाच्या द्रव्याचे विघटन झाले की शेवटी युरिक ॲसिड उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी विरघळवून टाकणारे एक विकर असते. माणसाच्या पूर्वजांनी उत्क्रांतीच्या ओघात, कोट्यवधी वर्षांपूर्वी ते गमावले. त्यामुळे हा कचरा बाहेर टाकण्याची जबाबदारी मुख्यतः मूत्रपिंडांवर आणि थोडी आतड्यांवर येऊन पडली. ज्यांची मूत्रपिंडे या कामात जन्मतःच थोडी कंजूष असतात, त्यांच्या रक्तात तो साठत जातो.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. पाक दाट झाला आणि त्यात दोरा सोडला की दोऱ्यावर खडे धरतात. इथेही तोच न्याय. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत हे द्रव्य विरघळलेले राहू शकते. त्यापुढे वर्षानुवर्षे पातळी चढी राहिली तर काहींच्या सांध्यांत सुईसारखे टोकदार स्फटिक जमतात. अंगठा शरीरातल्या थंड जागांपैकी एक, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. एके दिवशी त्या स्फटिकांवर शरीराचे रक्षक सैनिक तुटून पडतात आणि रात्री दोन वाजता माणूस ओरडत उठतो. इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते हे १८४८ मध्ये दाखवले. पुढे त्यांनी रक्तद्रवात खरोखरच दोरा सोडून त्यावर स्फटिक धरतात का हे पाहण्याची चाचणी काढली! सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली निश्चितपणे ओळखण्याचे श्रेय मात्र १९६१ मधल्या अमेरिकन संशोधनाला जाते.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. झटका पाच-सात दिवसांत ओसरतो, पण रोग ओसरत नाही. स्फटिक तिथेच असतात. दोन झटक्यांच्या मधला आपला सुखाचा काळ हा खरे तर त्यांच्या वाढीचा काळ असतो.

श्रीमंतांचा आजार?

या दुखण्याला आणखी एक शाप आहे, तो म्हणजे बदनामीचा. चरकसंहितेत वातरक्ताच्या वर्णनात त्याला 'आढ्यवात' असेही नाव दिलेले आढळते. आढ्य म्हणजे धनवान. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा आजार म्हणून प्रसिद्ध. सोळाव्या शतकातला सम्राट पाचवा चार्ल्स याने पुढे राज्यत्याग केला, त्यात या दुखण्याचाही वाटा मानतात. त्याच्या जपून ठेवलेल्या बोटाच्या हाडाची तपासणी करून २००६ मध्ये त्यात युरिक ॲसिडचे स्फटिक असल्याचे प्रसिद्ध झाले. जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने १७९९ मध्ये सुजलेल्या पावलाला चावे घेणारा एक काळा सैतान काढला. चित्र झकास आहे, पण एकंदरीत जगाने या रोगाकडे चेष्टेनेच पाहिले. "खाल्लंत-प्यालात, आता भोगा!"

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. चहाखेरीज व्यसन नाही आणि मटण वर्षातून दोनदा. तरीही पन्नाशीत त्यांच्या हाताची बोटे वाकडी झाली. "वडिलांचा वात" म्हणून घरात ते धरूनच चालत. दुकानातून वेदनेची गोळी आणायची, गिळायची आणि शाळेत जायचे. आज मागे वळून पाहता ते दुखणे काय असावे याबद्दल मला शंका उरलेली नाही. या रोगात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. वजन, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार आणि काही औषधेही हातभार लावतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी गोळी आणि हृदयासाठीची छोटी ॲस्पिरिन यांनीही युरिक ॲसिड चढते. पाळी चालू असेपर्यंत बायकांना बहुधा संरक्षण असते. नंतर ते जाते. म्हणून साठीनंतरच्या आजीचे बोट सुजले तर "बायकांना कुठे गाऊट होतो" असे म्हणून सोडून देऊ नये. अर्थात अशी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नये, डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आमटीचा निकाल

आता आमटीकडे येतो. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या आहाराचा १२ वर्षे मागोवा घेतलेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. डाळी, कडधान्ये, पालक, फ्लॉवर यांसारखे प्युरिनयुक्त शाकाहारी पदार्थ खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. दूधदुभते घेणाऱ्यांत तर कमीच दिसला. म्हणजे अकरा वर्षे आमच्या घरात निरपराध आमटीला शिक्षा झाली आणि ताकाला मात्र कोणी शाबासकी दिली नाही!

खरे आरोपी वेगळे आहेत. बिअर पहिल्या क्रमांकावर, त्यामागे कडक दारू. काळीज, गुर्दा असले अवयवांचे मांस. तारली, मांदेली, बांगडा असे मासे. कोकणात आणि गोव्यात जन्मलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटेल हे मी जाणतो, पण प्रमाण सांभाळले तर मासळीशी काडीमोड घेण्याची गरज नाही. आणि एक आरोपी तर आपण पाहुण्यांना कौतुकाने देतो : साखर घातलेली बाटलीबंद पेये. त्यातली फ्रुक्टोज साखर युरिक ॲसिड वाढवते. पोराला बाटली द्यायची आणि आजोबांच्या ताटातले वरण काढायचे, हा न्याय कुठला?

शिवाय पथ्याची धाव किती, तेही समजून घ्यावे. युरिक ॲसिडचा सुमारे दोन तृतीयांश भाग आपलेच शरीर तयार करते. ताटातून येतो तो उरलेला एक तृतीयांश. काटेकोर पथ्याने पातळी एखाद्या अंकाने उतरते. ज्याची ९ आहे त्याची ८ होईल. पण स्फटिक विरघळायचे तर ती ६ च्या खाली जायला हवी. पथ्य पाळावे, वजन उतरवावे, उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे. पण पथ्यावर सारा भार टाकला की होते काय? झटका आला की रोग्यालाच गुन्हेगार ठरवले जाते. "काहीतरी खाल्लं असशील!" अकरा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही.

आग विझवणे आणि सरपण काढणे

या रोगाची औषधे दोन प्रकारची आहेत आणि त्यांची गल्लत हेच बहुतेकांच्या हालांचे कारण आहे. पहिली आग विझवणारी : वेदनाशामके, कोल्चिसीन, प्रसंगी थोडे दिवस स्टिरॉइड. ती झटक्यापुरती. दुसरी सरपण काढून घेणारी : ॲलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट. ती रोज, वर्षानुवर्षे घ्यायची. आपल्याकडे बहुतेक जण आग विझवत राहतात. सरपण तसेच रचलेले असते.

ॲलोप्युरिनॉल हे काही नवलाईचे औषध नाही. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्या प्रयोगशाळेतून ते आले. मूळ हेतू कर्करोगाच्या एका औषधाचा प्रभाव वाढवण्याचा होता. त्यात युरिक ॲसिड उतरते हे लक्षात आले. १९६६ पासून ते अमेरिकेत गाऊटसाठी मान्य आहे. या दोघांना १९८८ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. इतके जुने, इतके स्वस्त औषध हाताशी असताना माणसे वाकड्या बोटांनी जगतात, याला काय म्हणावे?

मला ही गोळी २०११ मध्येच मिळाली होती. तिसऱ्या आठवड्यात जोरदार झटका आला. घरात एकच निष्कर्ष निघाला : औषध बाधले. गोळी बंद. २०१९ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली, पण लिहिताना पेन खाली ठेवून म्हणाले, "काका, पहिले काही महिने झटके येऊ शकतात. साठलेले स्फटिक हलू लागले की असं होतं. घाबरून गोळी सोडू नका, मला फोन करा." झटका आलाच. पण यावेळी आम्ही घाबरलो नाही.

त्या एका वाक्याची किंमत माझ्या हिशेबी आठ वर्षे आहे. पहिल्या डॉक्टरांचे निदान चुकले नव्हते, औषधही चुकले नव्हते. फक्त ते वाक्य राहून गेले. बाहेर रोग्यांची रांग असते, प्रत्येकाला पाच मिनिटे, राहून जाते.

औषध देण्याची रीतही आज बऱ्यापैकी ठरलेली आहे. सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, मूत्रपिंडे कमकुवत असतील तर आणखी बेताने. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा चढवायची, पातळी ६ च्या खाली येईपर्यंत. सुरुवातीचे तीन ते सहा महिने झटके रोखायला सोबत कोल्चिसीनची छोटी मात्रा. आणि चालू असलेली गोळी झटका आला म्हणून थांबवायची नाही. माझी पातळी ३०० मिलिग्रॅमवर ५.४ झाली. दीड वर्षात कोपरावरची गाठ विरली.

समजावून सांगण्याला किती मोल आहे, याचा पुरावा इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम इथे मिळाला. तिथे अर्ध्या रोग्यांची देखभाल प्रशिक्षित परिचारिकांनी केली, रोग समजावून दिला, शंका ऐकून घेतल्या, मात्रा चढवत नेली. उरलेल्यांना नेहमीच्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी परिचारिकांच्या गटातले ९५ टक्के रोगी उद्दिष्टाला पोचले. दुसऱ्या गटातले ३० टक्के. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे तीच, फरक बोलण्याचा!

आणि पखालीला इंजेक्शन

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्यांना औषध हवे ते घेत नाहीत आणि ज्यांना नको ते घेत आहेत. हल्ली वाढदिवसाची भेट म्हणून 'संपूर्ण तपासणी' करून घेण्याची पद्धत पडली आहे. पन्नास-साठ आकड्यांचा कागद येतो. त्यात युरिक ॲसिड ७.४, ठळक अक्षरात. सांधा कधी दुखलेला नाही, मुतखडा नाही, काही नाही. तरी गोळी सुरू होते. कोणाची टाच दुखते, कोणाचे गुडघे वयाने झिजलेले असतात; कागदावरचा आकडा पाहून तेही युरिक ॲसिडच्या खाती जमा होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच नाही केली.

युरिक ॲसिड वाढलेल्यांपैकी बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. नुसत्या आकड्यासाठी औषध देऊ नये, असेच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. उलट वर्षातून दोन किंवा अधिक झटके, गाठी, क्ष-किरण चित्रात सांध्याची झीज, यांपैकी काही असेल तर औषध द्यावे असे निक्षून सांगितले आहे. गंमत अशी की ऐन झटक्यात रक्त तपासले तर पातळी कधीकधी चक्क सामान्य येते, आणि खऱ्या रोग्याला "तुम्हाला गाऊट नाही" असे सांगितले जाते. क्षयाच्या उपचारातल्या पायराझिनामाइड गोळीनेही हा आकडा फुगतो. तेवढ्यासाठी घाबरून क्षयाचे औषध सोडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

विनाकारण गोळी घेऊ नये, कारण तिला धोकेही आहेत. ॲलोप्युरिनॉलने क्वचित, पण जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया येते. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठावा. इथे "सोडू नका" हा नियम लागू नाही. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात. फेबुक्सोस्टॅटबाबत हृदयविकाराच्या रोग्यांमध्ये मृत्यू अधिक आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये कडक इशारा दिला. २०२० च्या युरोपीय अभ्यासात तसा धोका दिसला नाही. तरी हृदयविकार असेल तर निवड डॉक्टरांशी बोलूनच व्हावी. झटक्यासाठीच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडांना इजा होते, विशेषतः मधुमेही आणि वृद्धांना. दुकानदाराला विचारून ती घेणे थांबायला हवे.

कोल्चिसीनचे तर विचारूच नका. पावसाळ्यात आपल्या रानात, कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सर्वांनी पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसीन असते. तामिळनाडूत तिची त्यासाठी शेती होते. कंद पोटात गेल्याने माणसे दगावतात. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा, तो इथे फार थोडा आहे. म्हणून वैदूने दिलेला कंद नको आणि "दोन गोळ्यांनी उतरेना म्हणून सहा घेतल्या" हेही नको.

जन्माची गोळी

शेवटी प्रश्न उरतो मनाचा. "एकदा सुरू केली की जन्माची!" ही भीती. रक्तदाबाची गोळी आपण अशीच भीत भीत स्वीकारली आणि आता चहाबरोबर घेतो. गाऊटची गोळी मात्र तीन महिने दुखले नाही की बंद होते. खरे तर दुखत नाही ते गोळीमुळे. या विषयात तज्ज्ञांचेही सगळे एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये ६ च्या आकड्यामागे धावण्याला पुरेसा आधार नाही, झटके थांबले की पुरे, असा पक्ष घेतला होता. मला स्वतःला आकड्याचा पक्ष पटतो, कारण झटका थांबला तरी स्फटिक उरतात हे माझ्या कोपराने मला शिकवले. पण दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत : ज्याला वारंवार झटके येतात त्याच्याशी बसून बोलले पाहिजे आणि निर्णय त्याला समजून घेऊन व्हायला हवा.

म्हणून वाचकहो, घरात कोणाचा अंगठा रात्री पेटत असेल तर "काय खाल्लंस" हा प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हा नक्की गाऊटच आहे का? रोजच्या गोळीची मला गरज आहे का? आणि असेल तर पहिल्या सहा महिन्यांत काय होईल? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

माझे वडील असते तर त्यांनाही हे विचारायला लावले असते. त्यांनी शेवटपर्यंत खडू दोन बोटांच्या बेचक्यात धरून फळ्यावर लिहिले, आणि आम्हाला तो त्यांचा स्वभावच वाटत राहिला.